दगडावरची दोन वर्षं

थर्ड इयरच्या सेमिनारला मी फोटोलिथोग्राफी हा विषय घेतला होता. कारण अगदी साधं होतं, सीनियरची पीपीटी तयार होती. वेफरवर फोटोरेझिस्ट लावा, वर मास्क धरा, प्रकाश टाका, नको तेवढं एच करून काढा, झाली चिप! धडाधड बोलून मी खाली बसणार, तेवढ्यात सरांनी विचारलं की लिथो म्हणजे काय? मी गप्प. मागचे बाकही गप्प. शेवटी सरांनीच सांगितलं की लिथोस म्हणजे ग्रीकमध्ये दगड. सिलिकॉनच्या चिपमध्ये दगड कुठून आला ते शोधून आण, मग मार्क देतो.

शोधायला गेले मार्कांसाठी, आणि सापडला एक एकोणीस वर्षांचा मुलगा. विन्स्लो होमर त्याचं नाव. हे नाव चित्रकलेच्या पुस्तकांत फार मोठं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या चित्रकारांमध्ये त्याची गणना होते. पण मला तो भेटला तेव्हा चित्रकार वगैरे काही नव्हता. बॉस्टनमधल्या एका छापखान्यात दगडावर वाकून गाण्यांची कव्हरं काढणारा उमेदवार होता आणि त्या कामाचा त्याला मनापासून वीट आला होता. वय एकोणीस, काम दुसऱ्याने निवडलेलं, आणि सुटकेची तारीख ठरलेली. हॉस्टेलवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? म्हणूनच लिहायला बसले. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठीत कुठे घसरले तर सांभाळून घ्या.

आधी दगडाची गोष्ट. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये आलॉइस सेनेफेल्डर नावाचा एक नाटककार होता. स्वतःची नाटकं छापायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून तो स्वस्तातली पद्धत शोधत होता. 1796 ते 1798 या काळात बव्हेरियातल्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर प्रयोग करता करता त्याला ती सापडली. तत्त्व आपल्या मेसच्या आमटीसारखं आहे, तेल आणि पाणी एकत्र येत नाही. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. मग डिंक आणि थोडं नायट्रिक ॲसिड लावून ते पक्कं करायचं. दगड ओला केला की पाणी फक्त मोकळ्या जागेवर टिकतं. त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला चिकटते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप तयार. एका दगडावरून शेकडो, हजारो प्रती निघतात. आपण चिपसाठी करतो तेच आहे की! कुठे ठेवायचं, कुठे काढायचं हे आधी ठरवायचं आणि बाकीचं काम केमिस्ट्रीवर सोपवायचं.

गंमत म्हणजे सेनेफेल्डरला सुरुवातीला पैसे मिळाले ते नाटकांतून नाही, तर संगीताची नोटेशन्स छापून. म्हणजे दगड आणि गाणं यांची जोडी पहिल्यापासूनचीच. आपल्याकडे या तंत्राला शिळाछाप म्हणत. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला छापखाना याच तंत्राचा. आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती बहुतेक घरांत अशाच दगडांवरून आल्या आहेत, प्रत्येक रंगाला एक वेगळा दगड वापरून.

अमेरिकेत हे तंत्र 1820 नंतर रुजलं. बॉस्टनमध्ये पेंडल्टन बंधूंचा छापखाना त्यात आघाडीवर होता. आणि तिथेही दगडाला काम मिळालं ते गाण्यांचं. तेव्हा ग्रामोफोन नव्हता, एडिसनचा फोनोग्राफ आला 1877 मध्ये. घरी गाणं ऐकायचं असेल तर कोणीतरी पियानोवर ते वाजवायला हवं. मध्यमवर्गीय घरांच्या बैठकीत पियानो येत होते. बॉस्टनमध्येच चिकरिंगचा मोठा पियानो कारखाना होता. आणि पियानो आला की त्यावर ठेवायला शीट म्युझिक हवं, म्हणजे नोटेशन आणि शब्द छापलेली मोठी, दुमडलेली पानं. साधारण पंचवीस सेंटला एक गाणं मिळायचं. आपण कॅसेट आणि सीडी घ्यायचो, तसं.

आतली नोटेशन्स धातूच्या पत्र्यावर ठसे मारून बनवत. कव्हर मात्र लिथोग्राफीच्या छापखान्यातून यायचं. दुकानाच्या काचेत मांडलेल्या पन्नास गाण्यांतून गिऱ्हाइकाने हेच उचलावं, हे काम कव्हरचं. त्यामुळे कव्हरवर काय वाट्टेल ते असायचं. नवीन आगबोट, आगीचा बंब ओढणारे जवान, एखादा जनरल, एखादी नटी, निवडणुकीतला उमेदवार, चंद्रप्रकाशात रडणारी मुलगी. मुली आपली आवडती गाणी एकत्र बांधून घेत आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत नाव घालत. अशा बांधलेल्या पुस्तकांमुळेच ही नाजूक पानं पुष्कळ प्रमाणात आजपर्यंत टिकली. गाणी लोक विसरले, कव्हरं मात्र म्युझियममध्ये जाऊन बसली!

आता आपल्या मुलाकडे वळू. विन्स्लोचा जन्म 24 फेब्रुवारी 1836 रोजी बॉस्टनमध्ये झाला. तीन भावांत हा मधला. आई हेन्रिएटा वॉटरकलरमध्ये फुलांची सुरेख चित्रं काढायची आणि विन्स्लोची पहिली गुरू तीच. वडिलांचा हार्डवेअरचा धंदा होता. तो सहा वर्षांचा असताना कुटुंब शेजारच्या केंब्रिजला राहायला गेलं, जिथे हार्वर्ड आहे. 1849 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची लाट आली, तेव्हा वडील धंदा सोडून सोनं शोधायला निघाले. आले ते रिकाम्या हातांनी. थोरला भाऊ चार्ल्स हार्वर्डच्या लॉरेन्स सायंटिफिक स्कूलमध्ये शिकला आणि पुढे केमिस्ट झाला. म्हणजे आपल्या लाइनमधला. विन्स्लोचं अभ्यासात लक्ष नव्हतं, हातात कायम पेन्सिल. अशा मुलाचं करायचं काय, हा प्रश्न त्या घरातही होताच.

वडिलांनी पेपरात जाहिरात पाहिली. जॉन बफर्ड नावाच्या लिथोग्राफरला चित्रकलेची आवड असलेला मुलगा हवा होता. बफर्ड वडिलांच्या ओळखीचा. दुसरा पर्याय होता हार्वर्डसमोरच्या कपड्यांच्या दुकानात कामाला लागण्याचा. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑप्शन फॉर्म वडिलांनी भरला आणि दोनच ऑप्शन होते. विन्स्लोने छापखाना घेतला. उमेदवारी ठरली वयाची एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत.

बफर्ड स्वतः पेंडल्टनकडे उमेदवारी करून वर आलेला माणूस. छापखाना चांगला चालत होता आणि काम मिळेल ते घ्यायचं, हा त्याचा शिरस्ता. विन्स्लोच्या वाट्याला पहिल्यांदा आली ती गाण्यांची कव्हरं. काम म्हणजे काय, तर दुसऱ्या कोणाचं तरी चित्र समोर ठेवायचं आणि ते दगडावर उतरवायचं. तेही उलटं, आरशातल्यासारखं, कारण छाप सुलट यायला हवी. दगडाला हाताचा घाम लागला तरी तो तेलकट डाग छापात दिसतो, म्हणून हात टेकवण्याचीही चोरी. चूक झाली तर रबर नाही, दगड खरवडावा लागतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. खाली नाव छापलं जायचं बफर्डचं. कव्हर काढणाऱ्या मुलाचं नाव क्वचितच कुठेतरी आद्याक्षरांपुरतं.

मला हे वाचताना फर्स्ट इयरची ड्रॉइंगची शीट्स आठवली. जीटी म्हणजे काय हे हॉस्टेलमध्ये कोणाला सांगायची गरज नाही. दोन खुर्च्यांवर काच, खाली टेबललॅम्प, सीनियरची शीट खाली, आपली वर, आणि रात्रभर रेघांवर रेघा. फरक एवढाच की आपण जीटी चोरून मारतो. विन्स्लोला तीच नोकरी होती.

पण सगळीच कव्हरं कंटाळवाणी नव्हती. त्याच्या कव्हरांमध्ये गणलं जाणारं एक आहे 1856 मधलं, व्हीलबॅरो पोल्का नावाच्या नाचाच्या संगीताचं. त्यामागची गोष्ट खरी आहे. त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. बेन पर्ली पूर नावाच्या पत्रकाराने पैज लावली की मॅसॅच्युसेट्समध्ये फिलमोरला फ्रीमाँटपेक्षा जास्त मतं पडतील. तो सपशेल हरला. पैजेप्रमाणे त्याने न्यूबरीजवळच्या आपल्या घरापासून बॉस्टनपर्यंत सफरचंदांचं पिंप हातगाडीवर घालून स्वतः ढकलत आणलं. अंतर तीस मैलांच्या वर. रस्त्यावर बघ्यांची गर्दी झाली. लगेच त्यावर संगीत निघालं आणि कव्हरही निघालं. म्हणजे कव्हर काढणाऱ्याला बातमी ताजी असतानाच चित्र पुरं करायला लागायचं. हा वेग विन्स्लोला पुढे फार कामाला आला.

त्याच वर्षी त्याला एक मोठं काम मिळालं, मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटमधल्या सदस्यांची पोर्ट्रेट्स. एकामागून एक चेहरे, दाढ्या, कॉलर. चेहरा एका छोट्या चौकटीत ओळखू येईल असा बसवणं तो इथे शिकला असणार. आणि 1856 हे साधं वर्ष नव्हतं. गुलामगिरीवरून देश दोन भागांत तुटत चालला होता. मे महिन्यात वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने मॅसॅच्युसेट्सच्या चार्ल्स समनरला काठीने बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. त्यावर बफर्डच्या छापखान्यातून एक चित्र निघालं, ते विन्स्लोचंच मानलं जातं. त्याच वर्षी बफर्डने 1770 च्या बॉस्टन गोळीबाराचंही चित्र छापलं. त्यात क्रिस्पस ॲटक्स हा गोऱ्यांच्या सैनिकांच्या गोळ्यांनी मेलेला कृष्णवर्णीय माणूस मधोमध, ठसठशीत दाखवलेला होता.

पण नाण्याची दुसरी बाजू इथेच आहे आणि ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. त्या काळात अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपणारी बरीच गाणी मिन्स्ट्रेल शोची होती. गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची नक्कल करायचे. त्या गाण्यांच्या कव्हरांवर काळी माणसं म्हणजे बटबटीत ओठ, वटारलेले डोळे, कायम नाचणारी, कायम हसणारी. प्रत्यक्ष माणूस समोर बसवून ही चित्रं कोणी काढत नसे. एका कव्हरवरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, असा साचा फिरत राहायचा. लिथोग्राफीच्या धंद्यात शिकणाऱ्या कोणत्याही मुलाच्या डोळ्यांखालून हा साचा रोज जात होता. हे लक्षात ठेवा, कारण मी पुन्हा इथे येणार आहे.

त्या दोन वर्षांत विन्स्लो करत काय होता? अंधारात उठून केंब्रिजच्या फ्रेश पाँड तलावावर मासे पकडायला जायचा आणि तिथून थेट कामावर. मासेमारीचा हा नाद त्याला जन्मभर पुरला. शेजारच्या दगडावर जोसेफ फॉक्सक्रॉफ्ट कोल नावाचा मित्र बसायचा, तोही पुढे चित्रकार झाला. डॅमोरो नावाच्या एका फ्रेंच कारागिराकडून त्याने लाकडी ठोकळ्यावर चित्र कसं काढायचं हे शिकून घेतलं, कारण सचित्र साप्ताहिकांना तेच लागायचं. म्हणजे पळून गेला नाही, पण दाराकडे लक्ष ठेवून होता.

24 फेब्रुवारी 1857 ला एकवीस वर्षं पूर्ण झाली. उमेदवारी संपली आणि तो बाहेर पडला. त्यानंतर मरेपर्यंत त्याने कोणाचीही पगारी नोकरी केली नाही. न्यूयॉर्कच्या हार्पर कंपनीने त्याला कायमची नोकरी देऊ केली होती. त्याने ती नाकारली, कारण छापखान्याची ती दोन वर्षं त्याला गुलामगिरीसारखी वाटली होती आणि त्यांची आठवण अजून ताजी होती. चित्रं पाठवीन, पण चित्रागणिक पैसे घेऊन.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्पर्स वीकलीत त्याची पहिली चित्रं आली, ती कशाची माहितीय? हार्वर्डच्या पोरांची! फ्रेशर्स आणि सेकंड इयरवाल्यांची फुटबॉलच्या नावाखाली चाललेली मारामारी. थोरला भाऊ जिथे शिकला, तिथल्याच कॉलेजची धमाल. 1859 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनमध्ये रात्रीच्या वर्गांना बसला, तैलरंगाचे मोजके धडे घेतले. तेवढंच त्याचं शिक्षण.

1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि हार्पर्सने त्याला चित्रकार म्हणून आघाडीवर पाठवलं. छापखान्यात कमावलेला वेग इथे उपयोगी पडला. पण तोफा आणि घोडदळापेक्षा त्याला छावणीतला रिकामा वेळ जास्त दिसला. 1863 च्या सुमाराचं त्याचं एक तैलचित्र आहे, होम स्वीट होम. तंबूसमोर दोन सैनिक, मागे लांबवर लष्करी बँड. बँड त्या काळचं सगळ्यांना पाठ असलेलं घरच्या आठवणीचं गाणं वाजवतोय आणि हे दोघं नुसते ऐकतायत. रडणं नाही, छातीला हात नाही. गाण्याच्या कव्हरवर असता तर त्याला वर आकाशात घर, आई आणि देवदूत काढायला लागले असते. इथे त्याने सगळं काढून टाकलं. मला वाटतं, जो दोन वर्षं गाणी विकायला चित्रं काढत होता, त्यालाच हे जमलं, कारण गाण्याचं चित्र काढताना काय काय खोटं घालतात ते त्याला आतून माहीत होतं.

या चित्राशी जोडलेली एक गोष्ट त्याच्या घरात सांगत. विन्स्लोने ठरवलं होतं की सुरुवातीची चित्रं विकली गेली नाहीत तर गुपचूप हार्परची नोकरी धरायची. चित्रं विकली गेली. विकत घेणारा कोण ते कळलं नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं की तो थोरला भाऊ चार्ल्सच होता. विन्स्लो त्याच्याशी कित्येक आठवडे बोलला नाही! पण दोघांची साथ सुटली नाही. घरात एक चित्रकार टिकावा म्हणून एका केमिस्टने स्वतःच्या खिशातले पैसे घातले, हे आपल्या कॉलेजच्या अंकात लिहायलाच हवं.

आणि आता जे सांगायचं राहिलं होतं ते. 1863 मध्येच विन्स्लो पुन्हा लिथोग्राफीच्या दगडाकडे गेला. या वेळी कोणी बसवलं म्हणून नाही. बॉस्टनच्या लुई प्रँग या प्रकाशकासाठी त्याने छावणीच्या जीवनाची सहा चित्रं आणि त्यांचं मुखपृष्ठ स्वतःच्या हाताने दगडावर काढलं. कॅम्पेन स्केचेस हे त्याचं नाव. स्वतःची चित्रं, स्वतःचं नाव. एक सैनिक दवाखान्यात पडून आहे आणि शेजारी बसलेली बाई त्याच्यासाठी घरी पत्र लिहितेय, हे त्यातलं चित्र बघून कोणालाही गलबलून येईल. पण त्याच संचात एक आनंदी आचारी आहे. काळा माणूस, सैनिकांसमोर हातपाय झाडत नाचणारा, चेहरा बटबटीत. तो छावणीतून आलेला वाटत नाही. तो सरळ मिन्स्ट्रेल गाण्याच्या कव्हरवरून आलाय. म्हणजे विन्स्लो छापखान्यातून बाहेर पडला सहा वर्षांपूर्वी, पण छापखाना त्याच्या हातातून बाहेर पडला नव्हता.

हे वाचून मी जरा थांबले. आपण नेहमी ऐकतो की कंटाळवाणं काम करा, हाताला वळण लागतं. लागतं, खरंच लागतं. पण हात फक्त चांगलंच शिकत नाही. जे हजार वेळा गिरवलं ते सगळंच शिकतो, खोटंसुद्धा.

मग तो साचा मोडला कसा? एका दिवसात नाही. 1866 च्या नीअर अँडरसनव्हिल या चित्रात एक काळी बाई दारात उभी आहे. लांबवर शत्रूचे शिपाई उत्तरेच्या कैद्यांना घेऊन चाललेत. ज्यांनी तिला सोडवायचं तेच पकडले गेलेत आणि ती विचारात बुडालीय. नाच नाही, हसू नाही. युद्धानंतर दहाएक वर्षांनी तो पुन्हा व्हर्जिनियात गेला, पूर्वी गुलाम असलेल्या लोकांना प्रत्यक्ष समोर बघून चित्रं काढली. 1876 च्या एका चित्रात जुनी गोरी मालकीण आपल्या पूर्वीच्या गुलाम बायकांना भेटायला झोपडीत आलीय. मालकीण उभी आहे. बायका तिच्याकडे सरळ बघतायत आणि त्यांतली एक तर उठलेलीसुद्धा नाही. त्याच वर्षीच्या कापूस वेचणाऱ्या दोन मुली शेतात अशा उभ्या आहेत की त्यांच्यासमोर आभाळ लहान वाटावं. मिन्स्ट्रेलच्या कव्हरवरचा माणूस आणि या मुली यांच्यामध्ये वीस वर्षं आहेत. त्या वीस वर्षांत त्याने एकच गोष्ट बदलली. दुसऱ्याच्या चित्रावरून चित्र काढणं थांबवून तो माणसाकडे बघायला लागला.

बाकीचं आयुष्य थोडक्यात सांगते, नाहीतर संपादक पानं कापतील. 1866 मध्ये युद्धकैद्यांच्या चित्राने त्याचं नाव झालं. मग तो पॅरिसला जाऊन आला. 1872 मध्ये शाळेच्या मधल्या सुट्टीत साखळी करून धावणाऱ्या पोरांचं स्नॅप द व्हिप काढलं, अमेरिकन माणसाला ते आजही पाठ आहे. 1873 पासून आईच्या वॉटरकलरकडे वळला आणि त्यात आईच्या कितीतरी पुढे गेला. 1875 च्या आसपास साप्ताहिकांची कामंही बंद केली. 1881 आणि 1882 मध्ये इंग्लंडमधल्या कलरकोट्स या कोळीवाड्यात राहिला. 1883 पासून मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ किनाऱ्यावर कायमचं घर केलं. लग्न केलं नाही. माणसं यायला लागली की कामात व्यत्यय येतो म्हणून साप आणि उंदीर आहेत अशी पाटी लावून ठेवली! तिथे त्याने समुद्राची चित्रं काढली. त्यांपैकी 1885 चं, वादळात दिशा हरवलेल्या कोळ्यांचं एक चित्र 1998 मध्ये बिल गेट्सने विकत घेतलं. तीन कोटी डॉलरच्या वरचा आकडा तेव्हा छापून आला होता. कव्हरवर आद्याक्षरंही न मिळणाऱ्या मुलाचं चित्र!

छपाई मात्र त्याने कधी पूर्ण सोडली नाही. 1880 नंतर त्याने आपल्याच चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यावर एचिंग्ज केली, खूप मेहनत घेतली, पण ती फारशी खपली नाहीत. 1894 मध्ये प्रँगने त्याच्या जंगलातल्या एका वॉटरकलरची रंगीत लिथोग्राफीने प्रत काढली. म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो पुन्हा दगडावर होता. फक्त आता दगडावर वाकलेला कोणी दुसराच उमेदवार होता आणि समोर ठेवलेलं चित्र विन्स्लो होमरचं होतं.

1899 मध्ये त्याने द गल्फ स्ट्रीम काढलं. डोलकाठी मोडलेल्या होडीवर एक काळा माणूस एकटाच पडलाय, भोवती शार्क मासे, लांबवर पाण्याचा भोवरा आकाशाला भिडलेला, आणि क्षितिजावर एक जहाज. त्या माणसाचं पुढे काय होणार असं लोकांनी विचारलं की होमर चिडायचा. चित्रात तो माणूस मदतीसाठी हात हलवत नाही, रडत नाही, आपल्याकडे बघतही नाही. 1906 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ते विकत घेतलं. 29 सप्टेंबर 1910 रोजी प्राउट्स नेकच्या आपल्या स्टुडिओतच होमर गेला.

या गोष्टीचं तात्पर्य आवडीचं काम करा, इंजिनीअरिंग सोडा, असं काढणार असाल तर थांबा. त्याने उमेदवारी पुरी केली. तसंच, आवडत नसलं तरी करा, पुढे उपयोगी पडतं, असं तात्पर्य सांगायलाही मन तयार होत नाही. होमरने त्या दोन वर्षांचे आभार कधी मानले नाहीत आणि त्याच्या वतीने ते आपण मानू नयेत.

मला त्याऐवजी आमच्या बॅचची एक शीट आठवते. फर्स्ट इयरला आम्ही सगळ्यांनी एकाच सीनियरच्या शीटवरून जीटी मारली होती. रेघा अशा सफाईदार की मॅडम खूश व्हायला हव्यात. मॅडमनी पहिल्या शीटवर बोट ठेवलं, साइड व्ह्यूमधली एक हिडन लाइन गायब होती. दुसऱ्या शीटवर तीच गायब, तिसऱ्यावरही तीच. मूळ सीनियरने ती विसरली होती आणि आम्ही अठ्ठावीस जणींनी ती इमानदारीने विसरली होती. सगळ्यांना शीट रिपीट.

या वेळी काच मिळाली नाही, कारण रेक्टरनी ती जप्त केली होती. शेवटी वर्कशॉपमधून तो लोखंडी ब्लॉक मागून आणला, टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. हिडन लाइन कुठे यायची ते आपोआप कळलं, मागच्या बाजूला चक्क एक भोक होतं.

सेमिनारचे मार्क मिळाले. दगड कुठून आला ते सरांना सांगितलं. होमरबद्दल सांगायला वेळ नव्हता, म्हणून इथे सांगितलं.